‘श्रीमंतांवर कर लावा’ म्हणजे नेमका कशावर लावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी ‘श्रीमंतांवर कर लावा’ असा फलक घेऊन मोर्चाला जाते. तुमचं म्हणणं, ज्याने कष्टाने कमावलं त्याला कशाला पिळायचं. आणि पिळलंच तर तो पैसा घेऊन दुसऱ्या देशात निघून जाईल. ती आकडे दाखवते, तुम्ही आकडे दाखवता, तपासायला गेलं तर दोघांचेही खरे निघतात. आता तर विषय निघाला की दोघांपैकी एक जण उठून जातो. बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय. आणि रस्त्यावर उतरून कधी कोणा श्रीमंतावर कर लागलाय का, हेही.

मी कर सल्लागार आहे. तीस वर्षं लोकांची विवरणपत्रं भरतोय. त्यात पगारदार आहेत, छोटे व्यावसायिक आहेत आणि मोजकेच पण खरोखर श्रीमंत लोक आहेत. आधीच सांगून टाकतो, मागाहून कोणी म्हणायला नको: माझ्या फीचा मोठा हिस्सा या शेवटच्या मंडळींकडून येतो, आणि कायद्यात बसवून त्यांचा कर कमी करणं हेच माझं काम आहे. माझं मत कुठल्या खुर्चीतून आलंय ते लक्षात ठेवून पुढचं वाचा.

मला विचाराल तर तुमच्या घरातला वाद कर चांगला की वाईट हा नाहीच. तुम्ही ‘श्रीमंत’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर भरपूर कमावणारा माणूस असतो. मुलगी ‘श्रीमंत’ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर भरपूर असलेला माणूस असतो. ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि कराचा कायदा त्यांच्याकडे अगदी वेगळ्या नजरेने बघतो.

हे माझ्या टेबलावर कसं दिसतं ते सांगतो. विवरणपत्रांच्या धावपळीत एका संध्याकाळी दोन फायली शेजारी शेजारी पडल्या होत्या. एक होती एका मोठ्या पदावरच्या बाईंची. वर्षभराचा चांगला जाडजूड पगार, त्यातला साधारण तिसरा हिस्सा हातात पडण्याआधीच कापला गेलेला. त्यांच्यासाठी मला करण्यासारखं जवळपास काही नव्हतं. दोन-चार वजावटी टाकल्या आणि सही घेतली. दुसरी फाइल होती स्वतःची कंपनी असलेल्या एका गृहस्थांची. त्यांच्या शेअरचं मूल्य त्या वर्षात जेवढं वाढलं होतं, त्यात त्या बाईंचा जन्मभराचा पगार कितीतरी वेळा बसला असता. पण शेअर विकला नाही तोवर वाढ कागदावरचीच. कंपनी लाभांश देत नव्हती, कारण तो द्यायचा की नाही हे तेच ठरवत होते. स्वतःला पगार घेत होते तो बेताचाच. मग घर कशावर चालत होतं? शेअर तारण ठेवून काढलेल्या कर्जावर. कर्ज हे उत्पन्न नसतं, हे कुठल्याही देशातला कर अधिकारी तुम्हाला सांगेल. दोन्ही तक्त्यांत ‘एकूण उत्पन्न’ या ओळीवर मी पेन्सिलने खूण केली आणि पाहिलं, बाईंचा आकडा मोठा होता.

त्या गृहस्थांनी सही करताना विचारलं, ‘सगळं नियमात आहे ना?’ होतं. एक पैसा लपवला नव्हता. म्हणून ‘श्रीमंत लोक कर चुकवतात’ असं मुलगी म्हणाली तर तिला थांबवा. चुकवणारे असतात, पण खरा मुद्दा त्यांचा नाही. आणि ‘श्रीमंत आधीच सर्वात जास्त कर भरतात’ असं तुम्ही म्हणालात तर स्वतःला थांबवा. रकमेत भरतात, पण कशाच्या तुलनेत ते विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही.

हेच जगासमोर आलं ते २०११ मध्ये. वॉरन बफे या अमेरिकी अब्जाधीश गुंतवणूकदाराने जाहीरपणे लिहिलं की आपण करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के कर भरला आणि आपल्याच ऑफिसातल्या इतर वीस जणांनी सरासरी ३६ टक्के. कारण साधं आहे. त्यांचं उत्पन्न बहुतेक भांडवली नफ्याचं, म्हणजे शेअर वगैरे विकून झालेल्या नफ्याचं, त्यावर दर कमी. कर्मचाऱ्यांचं पगाराचं, त्यावर आयकर आणि वर पगारावरचे वेगळे कर. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या अतिश्रीमंतांच्या करांची माहिती फुटली. पहिल्या २५ जणांची संपत्ती २०१४ ते २०१८ या काळात ४०१ अब्ज डॉलरने वाढली होती आणि त्यांनी आयकर भरला होता १३.६ अब्ज डॉलर. भागाकार केला तर ३.४ टक्के. मोर्चातल्या फलकावर हा आकडा शोभून दिसतो. विरोधी बाजू म्हणते, न विकलेल्या शेअरची वाढ हे उत्पन्नच नाही, मग भागाकार कशाला करता? आजच्या कायद्याने तीही बरोबर आहे. वाद आहे तो या वाढीला कायद्याने उत्पन्न मानावं का, आणि मानायचं तर कधी. या एका प्रश्नावर तुम्ही दोघं बोललात तर निदान एकाच विषयावर बोलाल.

आता आकड्यांचं. दोघांचे आकडे खरे कसे निघतात, याचं भारतातलंच उदाहरण घ्या. विषमता मोजायला कोराडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये दिलेलं माप अजून वापरतात. शून्य म्हणजे सगळे सारखे, शंभर म्हणजे सगळं एकाच्या हातात. २०२२-२३ साठी जागतिक बँकेने भारताचा जिनी निर्देशांक २५.५ दिला, आणि त्यावरून भारत जगातल्या सर्वांत समान देशांत गणला गेला. त्याच २०२२-२३ साठी वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबच्या अभ्यासकांनी काढलं की वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा आहे. देश एक, वर्ष एक. पहिला आकडा लोकांनी खर्च किती केला यावरून काढलाय, दुसरा त्यांनी मिळवलं किती आणि साठवलं किती यावरून. गरीब माणूस मिळवतो ते जवळपास सगळं खर्च करतो. श्रीमंताने कितीही उधळपट्टी करायची ठरवली तरी त्याच्या मिळकतीचा मोठा भाग शिल्लकच पडतो, आणि शिल्लक खर्चाच्या पाहणीत दिसत नाही. शिवाय पाहणीला आलेल्या माणसाला बंगल्याच्या फाटकातून आत घेतंय कोण?

म्हणून कोणीही आकडा फेकला की मी आधी विचारतो: खर्चाचा, उत्पन्नाचा की संपत्तीचा? करापूर्वीचा की करानंतरचा? निम्मे वाद तिथेच मिटतात. उरलेले निम्मे मिटत नाहीत, कारण ते आकड्यांचे नसतातच.

यानंतर लोक थेट दरावर येतात. किती टक्के लावायचा? तीस की सत्तर? दर ही गोष्ट फलकावर लिहायला आणि बातमीत छापायला सोपी, म्हणून सगळं भांडण तिथे. माझा धंदा मात्र दरावर चालत नाही. तो चालतो कर कशावर मोजायचा यावर. अमेरिकेत १९५० च्या दशकातली बहुतेक वर्षं आयकराचा सर्वोच्च दर ९१ टक्के होता, हे मुलगी तुम्हाला सांगत असेल. खरं आहे. पण त्याच वर्षांत भांडवली नफ्यावर २५ टक्क्यांपेक्षा जास्त कर लागत नव्हता. मग माझ्यासारख्या माणसाचं काम काय असणार? ९१ च्या खान्यातलं उत्पन्न उचलून २५ च्या खान्यात नेऊन ठेवणं. भारतात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अधिभार, म्हणजे करावर लागणारा जादा कर, धरून सर्वोच्च दर ९७.७५ टक्के होता. सरकारनेच नेमलेल्या वांछू समितीने १९७१ मध्ये सांगितलं की एवढा दर हा काळ्या पैशाला आमंत्रण आहे, तो ७५ वर आणा. यशवंतराव चव्हाणांनी अर्थमंत्री म्हणून १९७४ च्या अर्थसंकल्पात तो ७७ वर आणला. वरच्या शंभरातले सव्वादोन हातात उरत असताना किती जणांनी उरलेलं इमानदारीत दाखवलं असेल, याची कल्पना तुम्हीही करू शकता.

याचा अर्थ दर कमीच हवेत असा नाही. पळवाट उघडी ठेवून दर वाढवला की पळवाटेची किंमत वाढते, आणि ती किंमत माझ्यासारख्यांना मिळते. एवढंच.

मग उत्पन्न सोडा, संपत्तीवरच दरवर्षी थोडा थोडा कर लावा, असं मुलगी म्हणेल. विचार तर्काला धरून आहे, आणि बऱ्याच देशांनी करूनही पाहिलाय. १९९० मध्ये ओईसीडी या सधन देशांच्या संघटनेतल्या १२ देशांत निव्वळ संपत्तीवर कर होता. २०१७ पर्यंत चारच उरले: फ्रान्स, नॉर्वे, स्पेन आणि स्वित्झर्लंड. त्यातल्या फ्रान्सने २०१८ पासून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. श्रीमंतांनी दबाव आणला म्हणून हे घडलं, असं म्हणता येईल, आणि ते थोडंफार खरंही आहे. पण दुसरं कारण मी रोज बघतो, ते म्हणजे किंमत ठरवणं.

एका कुटुंबाची कंपनी वाटून घ्यायची होती. शेअर बाजारात नोंद नसलेली, त्यामुळे बाजारभाव असा काही नाही. तिघा भावंडांनी आपापला मूल्यांकनकार आणला. तिन्ही अहवाल माझ्यासमोर होते. सर्वात मोठा आकडा सर्वात लहान आकड्याच्या जवळजवळ तिप्पट. मी तिन्ही अहवाल ओळ न् ओळ वाचले. तिघांपैकी कोणीही खोटं लिहिलं नव्हतं. पुढच्या दहा वर्षांत धंदा किती वाढेल याचा अंदाज प्रत्येकाने वेगळा धरला होता, बस. वाटणी व्हायला चार वर्षं गेली. हेच सरकारने दरवर्षी, हजारो कंपन्यांसाठी, ज्याला कर भरायचाय त्याच्याच कागदांवरून करायचं.

किंमत नीट ठरली नाही की काय होतं ते जर्मनीत दिसलं. तिथे संपत्ती करासाठी घरं-जमिनी जुनाट मूल्याने मोजल्या जात आणि शेअर आजच्या भावाने. १९९५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की हा भेदभाव चालणार नाही. सरकारला नवी मोजणी जमली नाही, आणि १९९७ पासून तो कर वसूलच केला जात नाही.

भारताची गोष्ट तर आमच्या धंद्यात अजून हसत हसत सांगतात. निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये संपत्ती कर आला. वर्षानुवर्षं त्यात सवलतींची ठिगळं लागत गेली. १९९३ पासून तर शेअर, रोखे अशी ‘उत्पादक’ संपत्ती पूर्णच वगळली. राहिलं काय? दागिने, मोटारी, वापरात नसलेली शहरी जमीन, जादाचं घर असलं काही. म्हणजे उद्योगपतीचा कारखाना बाहेर आणि त्याच्या बायकोच्या बांगड्या आत. २०१३-१४ मध्ये या कराने देशभरातून १,००८ कोटी रुपये आले. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द केला आणि त्याऐवजी एक कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार बसवला. त्यातून ९,००० कोटी येतील असा अंदाज मांडला होता. वारसा कराचं त्याआधीच, १९८५ मध्ये, असंच झालं होतं. वसुली वर्षाला वीस-एक कोटी, आणि त्यासाठीचा खटाटोप डोंगराएवढा.

‘बघा, संपत्ती कर चालतच नाही’ असं म्हणून तुम्ही आता उठू नका. स्वित्झर्लंडमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, कारण तिथे तो सर्वांना सवयीचा आहे, खूप वरच्या लोकांपुरता नाही, आणि सामान्य माणसाने आपले शेअर विकून मिळवलेल्या नफ्यावर तिथे बहुधा कर लागत नाही. एका हाताने सोडतात, दुसऱ्या हाताने घेतात. म्हणून ‘चालतो का’ याचं उत्तर परिस्थितीवर आहे: संपत्ती जमिनीत आहे की शेअरमध्ये, नोंदी किती चोख आहेत, त्याच पैशावर आणखी कुठला कर आधीच आहे, आणि कायदा करणाऱ्याला सवलत मागायला आलेल्या पहिल्या माणसाला नाही म्हणता येतं का.

पैसा पळून जाईल, हा तुमचा मुद्दा. अगदीच पोकळ नाही. नॉर्वेने २०२२ मध्ये संपत्ती कर वाढवला तेव्हा काही बडे लोक खरंच स्वित्झर्लंडला गेले. त्यावर नॉर्वेने देश सोडताना लागणारा कर कडक केला. माझा अनुभव असा, की ‘बाहेर जाऊन राहिलो तर किती वाचेल?’ असं विचारणारे पुष्कळ, जाणारे फार थोडे. मी हिशेब करून देतो, ते कागद घेऊन जातात, आणि मग म्हाताऱ्या आईचं काय, मुलांच्या शाळेचं काय, तिथे आपल्याला ओळखतो कोण, या प्रश्नांवर बेत संपतो. खरोखर जातो तो कंपनी विकायच्या बेतात असलेला माणूस, आणि तो विक्रीच्या वर्ष-दोन वर्षं आधी जातो. त्याला दारात अडवणारा नियम असेल तर बाकीच्यांची फारशी काळजी करायला नको. शिवाय २०१७ पासून शंभराहून जास्त देश एकमेकांना बँक खात्यांची माहिती आपोआप पाठवू लागले आहेत. पूर्वी ज्या खात्याचं नाव अशील कुजबुजत घेई, ते आता स्वतःहून सांगतो. पैसा पळतो यापेक्षा पैसा वेष बदलतो, हे माझ्या पाहण्यात जास्त आहे: पगाराचा लाभांश होतो, लाभांशाचा भांडवली नफा होतो, भांडवली नफ्याचं कर्ज होतं.

हे सगळं झालं कराचं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, मोर्चाकडे येतो. आणि माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसखालून मोर्चा चालला होता. सगळे खिडकीशी. कोणीतरी फलक उंचावला होता, श्रीमंतांवर कर लावा. माझ्याकडे शिकायला आलेला एक मुलगा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘सर, कोणत्या कलमाखाली?’ आम्ही खूप हसलो. रात्री घरी जाताना मात्र ते हसणं मला जरा टोचलं, कारण पोराने नकळत नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. कर हटवायला कलम माहीत असावं लागत नाही. लावायला लागतं.

रस्त्याने कर हटवल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ब्रिटनमध्ये पंतप्रधान थॅचरबाईंनी माणशी सारखा कर बसवला, उमरावाला तेवढाच आणि त्याच्या माळ्याला तेवढाच. ३१ मार्च १९९० ला लंडनमध्ये दंगल झाली, लाखो लोकांनी भरायला नकार दिला, नोव्हेंबरात बाई पायउतार झाल्या. त्यामागे इतर कारणंही होती, पण हा कर मोठं कारण होता. १९९३ मध्ये तो गेला. केनियात जून २०२४ मध्ये तरुण पोरं करवाढीचं विधेयक अडवायला संसदेत घुसली, गोळीबारात माणसं मेली, आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रुटो यांनी त्यावर सही करणार नाही असं जाहीर केलं. फ्रान्समध्ये पिवळ्या जाकिटांचं आंदोलन १७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झालं ते इंधनावरच्या करवाढीविरुद्ध. तीन आठवड्यांच्या आत ती वाढ गेली.

आता त्याच गोष्टींची दुसरी बाजू बघा. पिवळ्या जाकिटांची आणखी एक मागणी होती: श्रीमंतांवरचा जुना संपत्ती कर परत आणा. लोक तेच, रस्ते तेच, दर शनिवारी तेच. तो कर परत आला नाही. ब्रिटनमध्ये माणशी कराच्या जागी घराच्या किमतीवर आधारलेला कर आला. पण त्यात इंग्लंडमध्ये सर्वात वरच्या पट्ट्यातल्या घराने त्याच परिसरातल्या सर्वात खालच्या पट्ट्याच्या फार तर तिप्पट भरायचं, मग तो राजवाडा का असेना; आणि तिथे अजूनही १९९१ च्या किमती धरतात. चिलीत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं. ‘प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे’ असं म्हणत लोक उतरले. भाडेवाढ काही दिवसांत मागे घेतली. त्या लाटेनंतर निवडून आलेल्या सरकारने श्रीमंतांवरच्या कराचं विधेयक आणलं. मार्च २०२३ मध्ये ते खालच्या सभागृहातच पडलं.

माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं उदाहरण जुनं आहे. १९३० चा मिठाचा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो, पण मिठावरचा कर प्रत्यक्षात गेला तो फेब्रुवारी १९४७ च्या अर्थसंकल्पात. हंगामी सरकारचे अर्थमंत्री होते लियाकत अली खान. त्याच अर्थसंकल्पात त्यांनी एक लाखावरच्या व्यवसाय नफ्यावर २५ टक्के कर सुचवला. उद्योगपतींनी ओरड केली, आणि कायदा होईपर्यंत २५ चे १६ पूर्णांक दोन तृतीयांश झाले. मिठाचा कर गेला तो पूर्ण गेला. नफ्याचा कर आला तो एक तृतीयांश झिजून आला.

असं का होतं? हटवायच्या कराला नाव असतं, तारीख असते, रक्कम असते. तो प्रत्येकाच्या खिशाला थोडा थोडा चावतो, म्हणून सगळे एका घोषणेखाली येतात. लावायच्या कराचं उलट. त्याचा फायदा कोट्यवधींत वाटला जाऊन पातळ होतो, आणि तोटा मूठभरांना चांगलाच जाणवतो. मोर्चा एका दिवसाचा असतो, ती मूठभर माणसं रोज असतात. नियमांचा मसुदा निघतो, त्यावर हरकती व सूचनांसाठी काही दिवसांची मुदत दिलेली असते. अशा सुनावण्यांना मी बसलोय. टेबलाभोवती सगळे माझ्यासारखे: कोणी या उद्योगाचा सल्लागार, कोणी त्या संघटनेचा वकील. आमच्या एका अशिलाची हरकत चाळीस पानांची होती, आणि तिचा सगळा जीव एका शब्दात होता. व्याख्येतल्या ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घाला. घातला गेला. मोर्चातलं तिथे कोणीही नव्हतं. त्यांना कोणी अडवलं नव्हतं. मसुदा निघालाय हेच त्यांना माहीत नव्हतं.

ऑक्युपाय वॉल स्ट्रीट हे अमेरिकेतलं विषमतेविरुद्धचं आंदोलन आठवत असेल. १७ सप्टेंबर २०११ ला न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये तंबू पडले, १५ नोव्हेंबरला पोलिसांनी ते उठवले. मागण्यांची यादी त्यांनी मुद्दामच केली नाही. बफे यांच्या नावाने ओळखला जाणारा, श्रीमंतांवरच्या किमान कराचा प्रस्ताव एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये आला. बाजूने ५१, विरुद्ध ४५, आणि पुढे जायला ६० हवी होती. तिथेच संपला. म्हणजे सगळं वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. ‘९९ टक्के’, म्हणजे वरचा एक टक्का सोडून बाकी सगळे, हा शब्दप्रयोग तेव्हापासून सर्वांच्या तोंडी बसला. त्याआधी माझ्या श्रीमंत अशिलांपैकी कोणीही ‘लोक काय म्हणतील’ असं कराच्या बाबतीत विचारत नसे, आता विचारतात. हा फरक फलकांनी घडवलाय, कलमांनी नाही. मुलीला हे जरूर सांगा.

इतिहासात श्रीमंतांवर जबर कर बसले ते बहुतेक वेळा युद्धात. अमेरिकेत आयकराचा सर्वोच्च दर १९१३ मध्ये ७ टक्के होता, १९१८ मध्ये ७७. गरिबांची पोरं खंदकात पाठवताना श्रीमंतांचा पैसा मोकळा सोडणं कुठल्याच सरकारला झेपत नाही. शांततेत ते दडपण कुठून आणायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

माझा क्रम विचाराल तर असा आहे. आधी पगार आणि भांडवली नफा यांच्या दरातली दरी कमी करा. माझ्या निम्म्या युक्त्या त्याच दरीवर जगतात. मग न विकलेल्या वाढीवर निदान मालक मेल्यावर तरी एकदा कर घ्या. अमेरिकेत वारसाला शेअर मालक मेला त्या दिवसाच्या भावाने मिळाला असं धरतात आणि आधीची सगळी वाढ करातून कायमची सुटते. शेअर तारण ठेवून काढलेल्या मोठ्या कर्जाचं काहीतरी करा, ते कसं यावर प्रामाणिक मतभेद आहेत. दरवर्षीचा संपत्ती कर मी सगळ्यात शेवटी ठेवीन, आणि ठेवलाच तर एकही सवलत न देता. २०२४ मध्ये ब्राझीलकडे जी-२० चं अध्यक्षपद असताना गॅब्रिएल झुकमन या अर्थतज्ज्ञाने जगातल्या सुमारे तीन हजार अब्जाधीशांवर संपत्तीच्या २ टक्के एवढा किमान कर सुचवला, तो मला म्हणूनच जुन्या संपत्ती करांपेक्षा बरा वाटतो: माणसं थोडी, उंबरठा खूप वर, आणि दुसरे कर भरून २ टक्के होत असतील तर वेगळं काही द्यायचं नाही. अब्जाधीशांची शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी मात्र तिथेही मोजावी लागणारच, आणि मग पुन्हा ते तीन अहवाल.

यात माझं चुकत असेल. आलेला पैसा सरकार कशावर खर्च करतं यावर विषमता कमी होणं फार अवलंबून आहे, आणि ते माझ्या टेबलावर कधी येत नाही, म्हणून त्यावर मी बोलत नाही.

तर आज संध्याकाळी मुलीला ‘तू चुकतेस’ म्हणण्याऐवजी त्या शिकाऊ पोराचा प्रश्न विचारा, पण न हसता: कशावर, कधी, आणि मोजायचं कोणी? तिने उलट विचारलं की बाबा, तुम्ही ज्याला कष्टाची कमाई म्हणता तिच्यावर पगारदाराएवढाही कर का नको, तर त्याचं उत्तर तुम्हीही तयार ठेवा. पुढचा मसुदा निघेल तेव्हा तिला हरकत लिहायची असली, तर माझ्याकडे पाठवा. दोन पानं पुरतात, आणि मी फी घेणार नाही. एवढं मात्र आधीच सांगा, की त्याच मसुद्यावर त्याच आठवड्यात माझ्या ऑफिसातून आणखी एक हरकत जाईल, चाळीस पानांची.